बाटलीवरची मावशी

मावशीला कामावरून घरी बसवलं ते तिच्या तोंडातल्या जंतूंनी, असं पाळणाघराचं म्हणणं होतं. बारा वर्षं तिने तिथे मुलांना भरवलं, पुसलं, थोपटून झोपवलं. शंभरावर पोरं तिच्या मांडीवरून उठून शाळेत गेली आणि त्यातल्या एकानेही कधी तिची तक्रार केली नाही. तक्रार केली ती जंतूंनी. आणि गंमत अशी, की त्यांचं म्हणणं मात्र सगळ्यांनी लगेच ऐकून घेतलं.

झालं ते असं. दोन महिन्यांपूर्वी दंतमहाविद्यालयातली माणसं पाळणाघरात मुलांचे दात तपासायला आली. मुलं अकरा. दहा जणांचे दात धड निघाले. अकरावी गुंडी. ही दोन वर्षांची, वाटोळी, चकचकीत, म्हणून मावशीनेच तिला गुंडी हे नाव पाडलं होतं. तिच्या वरच्या पुढच्या चार दातांना हिरडीपाशी तपकिरी कड आली होती आणि एकाचा टवका उडाला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही दातकीड. पण कीड म्हणजे अळीबिळी नव्हे, जंतू. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडात हा जंतू नसतो. दात आले की तो कुणाच्या तरी लाळेतून येतो. कुणी चमचा चाटून बघतं, कुणी खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून साफ करतं, कुणी अर्धा खाऊन उरलेला घास देतं. तो नेमका कुणाकडून येतो, हेच महाविद्यालयाला शोधायचं होतं.

त्यासाठी त्यांनी छोट्या बाटल्या वाटल्या. मुलाला भरवणाऱ्या प्रत्येकाने एकेका बाटलीत थुंकायचं. बाटलीवर नाव घालायचं नाही, कारण कुणाच्या तोंडात काय राहतं ही ज्याची त्याची खासगी गोष्ट. मुलाचा नंबर आणि मुलाशी असलेलं नातं, एवढंच लिहायचं. घरच्यांनी आपल्या बाटल्या घरी भरून पिशवीतून आणायच्या, पाळणाघरातल्या तिघींच्या बाटल्या तिथल्या तिथे भरून घ्यायच्या. "जन्मभर पोरांना थुंकू नका म्हणून ओरडले, आणि आज मलाच थुंक म्हणतात," असं मावशी म्हणाली होती. सगळे हसले होते. तीसुद्धा हसली होती, तिचं ते बोळकं पसरून.

अहवाल आला त्या सोमवारी संचालिकाबाईंनी तिला खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, "मावशी, बसा."

मावशी खुर्चीच्या कडेवर टेकली. बारा वर्षांत तिला त्या खुर्चीत कुणी बसवलं नव्हतं. सूचना मिळायच्या त्या उभ्याउभ्या, आणि त्याही पाठमोऱ्या. दुसऱ्या खुर्चीत गुंडीची आई बसली होती. ही पेशाने वकील. मुलीला सोडायला यायची तेव्हाही फोन कानाला, न्यायला यायची तेव्हाही फोन कानाला. आज फोन पर्समध्ये होता, हे काही बरं लक्षण नव्हतं.

"गुंडीच्या दातांवरचे जंतू कुणाच्या जंतूंशी जुळले ते आलंय," संचालिकाबाई म्हणाल्या. त्यांनी कागद फिरवून तिच्यापुढे ठेवला आणि एका शब्दाखाली पेनाचं टोक टेकवलं.

मावशी. छापील अक्षरांत, अवतरणचिन्हात.

"मी चमचा चाटत नाही," मावशी म्हणाली. "मनगटावर थेंब टाकून ऊन आहे का ते बघते. पहिल्या दिवसापासून. विचारा कुणालाही."

"मावशी, मी तुमच्यावर आरोप करत नाहीये," वकीलबाई म्हणाल्या. आवाज इतका मऊ, की मावशीला चीडच आली. "हे विज्ञान आहे. जंतूंचा ठसा असतो, बोटांसारखा. तो खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

"तसं मी म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंत?"

"मावशी!" संचालिकाबाईंनी हात वर केला. "पालकांच्या तोंडी लागू नका, किती वेळा सांगितलंय तुम्हाला. तूर्त घरी बसा. चार दिवस जाऊ देत, मग बघू."

चार दिवस जाऊ देत म्हणजे काय, ते मावशीला पक्कं ठाऊक होतं. गळका नळ, मोडका पाळणा आणि नकोसं माणूस, या तिन्हींना त्या खोलीतून हेच उत्तर मिळायचं. ती उठली, ॲप्रन काढून घडी घालून टेबलावर ठेवला आणि बाहेर आली. जेवणाच्या खोलीत अकरा वाडगे मांडलेले होते. गुंडी आपल्या छोट्या खुर्चीत बसून चमचा आपटत होती. मावशी तिच्याकडे न बघता चपला घालून निघाली, कारण बघितलं असतं तर तिथेच तोंड सुटलं असतं.

तेवढ्यावर भागलं असतं तरी तिने कदाचित गिळलं असतं. पण संध्याकाळपर्यंत अकराही घरांत पत्र गेलं आणि त्याचीच एक प्रत पाळणाघराच्या दारावर चिकटवली गेली. "आमच्या येथील मावशींच्या तोंडातील जंतूंमुळे एका बालिकेच्या दातांना इजा झाल्याचे निष्पन्न झाले आहे. त्यांना कामावरून दूर करण्यात आले आहे. पालकांनी निश्चिंत असावे." निष्पन्न म्हणे! एखाद्या खुनाच्या तपासात शोभावा असा शब्द, आणि तो एका बाईच्या थुंकीसाठी.

मावशीचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दुकान बंद करून दोन वर्षं झाली होती, पण डोळ्याला भिंग लावल्याशिवाय त्याला अजूनही काही वाचवत नसे. अहवालाची एक प्रत मावशीने मागून आणली होती. ती त्याने खिडकीपाशी धरली आणि एका डोळ्याने ओळ न् ओळ वाचली.

"यात अकरा पोरं आहेत," तो म्हणाला. "त्यातल्या आठांच्या तोंडात तो जंतू निघालाय. सहा ठिकाणी लिहिलंय, आईशी जुळतो. एका ठिकाणी आजोबांशी. आणि तुझ्या गुंडीचा मावशीशी."

"सहा ठिकाणी आई?"

"सहा."

"मग त्या सहा जणींना कुणी घरी बसवलं?"

घड्याळजीने भिंग काढलं. "आईला कसं घरी बसवतील? ती घरचीच असते."

"मस्करी नको करू."

"मस्करी नाही करत. जाऊ दे म्हणतो. बारा वर्षं केलंस, पुरे झालं. तुझे गुडघेही आता कुरकुरतात."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघ्यांसाठी सोडलं असतं तर तिने पेढेबिढे वाटून, सगळ्यांचे पापे घेऊन सोडलं असतं. लोकांनी हात धरून थांबा म्हटलं असतं. पण चोरासारखं, तेही तोंडात घाण असलेल्या बाईसारखं, दारावर कागद लावून? ती त्या रात्री जेवली नाही.

गुरुवारी ती पाव आणायला बेकरीत गेली. तिथे एक मुलगा आईचा हात सोडवून तिच्याकडे धावत आला. दोन वर्षांपूर्वी हा तिच्याच खांद्यावर झोपायचा. "मावशी!" म्हणून त्याने तिच्या पायांना मिठी मारली. तिने वाकून त्याचा गालगुच्चा घेतला, बोटं ओठाला लावली, नेहमीसारखी. आई हसली. तोंडदेखलं, पण हसली. दोन शब्द बोलली, पाव घेतला, आणि दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता पर्समधून ओला रुमाल काढून तिने पोराचा तो गाल पुसला. एकदा नाही, दोनदा. काचेतून मावशीला ते लख्ख दिसलं.

ती पाव न घेताच घरी आली.

"मी माझे जंतू बघायला चाललेय," तिने घड्याळजीला सांगितलं.

"काय बघायला?"

"जंतू. माझ्या तोंडात राहायचं, मी गिळेन त्यातलं खायचं, आणि माझ्यावरच उलटायचं! त्यांचं तोंड तरी बघते एकदा."

"त्यांना तोंड असतं का?" घड्याळजीने विचारलं. पण तोवर ती जिना उतरली होती.

दंतमहाविद्यालयाच्या तळमजल्यावर मागच्या बाजूला प्रयोगशाळा होती. दारावरच्या मुलीने सांगितलं की भेटता येणार नाही. दुसऱ्या मुलीने सांगितलं की अर्ज करावा लागेल. मावशीने बाकावर बैठक मारली. पाळणाघरातल्या बाईला रडणाऱ्या पोरासमोर तासभर शांत बसायची सवय असते, या दोन मुली म्हणजे काहीच नव्हत्या. दीड तासाने आतून एक ॲप्रनवाले गृहस्थ बाहेर आले. निवृत्तीला टेकलेले, बोटांना निळे डाग. त्यांना तिथे सगळे प्लेटवाले म्हणत, कारण जंतू वाढवायच्या काचेच्या बशा तेच भरायचे आणि तेच धुवायचे.

"कोणाला भेटायचंय?"

"माझ्या जंतूंना," मावशी म्हणाली.

प्लेटवाल्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. तीस वर्षांत या लोकांना भेटायला कुणी आलं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि तिला आत घेऊन गेले.

आत उबट, आंबूस वास होता, दूध नासल्याचा असतो त्याच्या जवळपासचा. एका टेबलावर काचेची मोठी बरणी होती. प्लेटवाल्यांनी बोलता बोलता त्यात झाकणं लावलेल्या सात-आठ प्लेटा रचल्या, वर एक छोटी मेणबत्ती पेटवून ठेवली आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं. ज्योत जराशी थरथरली आणि विझली.

"हे कशाला?" मावशीने न राहवून विचारलं.

"मोकळी हवा यांना मानवत नाही. मेणबत्ती विझेपर्यंत आतली हवा कोंदट होते, तोंडातल्यासारखी. मग वाढतात."

"आमच्या ऑफिसातही असंच आहे," मावशी म्हणाली.

प्लेटवाले हसले, आणि मग तिने त्यांना सगळं सांगितलं. कागद, दार, पत्र, बेकरी. बेकरीपाशी तिचा आवाज चिरकला, तेव्हा त्यांनी उगाचच एक वही उघडून बघितली. वहीत पाळणाघरात बाटल्या भरून दिलेल्यांच्या सह्या होत्या.

"दुसऱ्या कुणाचं मला सांगता येणार नाही. पण तुमचं तुम्हाला दाखवायला कुणाची आडकाठी नाही. ही सही तुमची?"

"माझी."

"मग तुम्ही 'पाळणाघर तीन'." त्यांनी संगणकावर एक फोटो उघडला. गोल प्लेट, आणि तिच्यावर पांढरे, पिवळे, हिरवट ठिपके, कुठे दाट, कुठे विरळ. "हे तुमचे."

मावशी खुर्ची ओढून जवळ बसली. "एवढे?"

"हे काहीच नाहीत. शेकडो जाती असतात. जिभेवर राहणारे वेगळे, गालाच्या आत राहणारे वेगळे. रोज थुंकीबरोबर कोट्यवधी पोटात जातात. आणि आतड्यात तर याहून मोठी वस्ती, त्यांची स्वतःची. ती नसेल तर खाल्लेलं धड पचायचं नाही. बहुतेक सगळे आपापलं काम करून असतात हो. गुपचूप."

"माझ्यासारखे," मावशी म्हणाली.

"आता ही बघा." दुसरा फोटो. ही प्लेट निळी होती. "यावर फक्त दात किडवणारा जंतू वाढतो. बाकीच्यांना यात थारा नाही. ही तुमची."

निळ्या प्लेटवर काही नव्हतं. घासून पुसून ठेवलेल्या बशीसारखी कोरी.

"बिघडली असेल," मावशी म्हणाली. तीन दिवसांत तिलाही स्वतःवर भरवसा उरला नव्हता, हे तिला त्या क्षणी कळलं आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"नाही बिघडली. दोनदा केली. मलाही नवल वाटलं होतं, या वयात इतकं साफ कसं म्हणून. जरा आ करा."

तिने आ केला. प्लेटवाल्यांनी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"एकही नाही?"

"आठ वर्षं झाली. हिरड्या सुजायच्या, एकेक करून काढले. कवळी केली होती, टोचायची. कुठल्याशा डब्यात पडलीय."

"अहो बाई, हा जंतू दाताला धरून राहतो! जिभेवर नाही टिकत, गालावर नाही टिकत. कठीण काहीतरी हवं त्याला, दात नाहीतर कवळी. दात गेले की बहुतेक वेळा तोही जातो. त्याने तुमच्या तोंडात बिऱ्हाड करायचं तरी कुठे?" ते खुर्चीत मागे टेकले. "त्या पाळणाघरात या बाबतीत सगळ्यात निर्धास्त तोंड कुणाचं असेल तर ते तुमचं."

मावशी हसली नाही. आठ वर्षं तिचं बोळकं अख्ख्या पाळणाघराने पाहिलं होतं, त्यावर विनोद केले होते, पोरांनी त्यात बोटं घातली होती. आणि ज्या दिवशी त्या तोंडाकडे नुसतं बघायची गरज होती, त्या दिवशी सगळे कागदाकडे बघत बसले.

"मग कागदावर मावशी का लिहिलंय?"

प्लेटवाल्यांनी वहीचं पान उलटलं आणि पुन्हा उलटलं. "पाळणाघराच्या पिशवीतून तीनच बाटल्या आल्या. त्यांवर नातं नाही, नुसते नंबर. एक, दोन, तीन. त्यात मावशी अशी बाटलीच नाही. 'मावशी' आली ती घरच्या पिशवीतून. कोण ते मला ठाऊक नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं."

सांगायची गरजच नव्हती. गुंडीच्या आईला एक धाकटी बहीण होती. चोवीस-पंचवीसची, शनिवारी कधीमधी न्यायला यायची. पोरीची खाली पडलेली चोखणी उचलून बिनदिक्कत स्वतःच्या तोंडात घालायची आणि मग तिच्या तोंडात. मावशी म्हटलं की म्हातारी झाल्यासारखं वाटतं म्हणून गुंडीला तिने आपल्याला टिंगू म्हणायला शिकवलं होतं. त्या घरात मावशी म्हणजे पाळणाघरातली मावशी आणि टिंगू म्हणजे टिंगू. पण बाटलीवर नाव लिहायचं नव्हतं, नातं लिहायचं होतं. आईच्या बहिणीचं नातं काय? आईने लिहिलं, मावशी. आणि दोन महिन्यांनी स्वतःचाच शब्द छापून परत आला तेव्हा तो तिला ओळखू आला नाही.

"एक सांगा," मावशी म्हणाली. "जंतू आठ पोरांच्या तोंडात आहे. मग दात एकट्या गुंडीचेच का गेले?"

"नुसता जंतू काही करत नाही. त्याला साखर लागते. साखर मिळाली की तो आम्ल तयार करतो आणि त्या आम्लाने दात विरघळतो. गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपतं का मूल?"

दुपारी एक वाजता, पडदे ओढल्यावर, साखर घातलेल्या दुधाची बाटली गुंडीच्या तोंडात कोण द्यायचं? तीच द्यायची. पोरीच्या डायरीत तशी सूचना होती, आईच्या अक्षरात. पोरगी झोपली की बाटली काढून घेते, असं तिने एकदा सुचवलं होतं. नुसतं पाणी द्या, असं तीनदा सुचवलं होतं. आणि प्रत्येक वेळी तेच उत्तर मिळालं होतं, पालकांच्या तोंडी लागू नका. ती लागली नव्हती. लागायला हवं होतं.

"मला माझ्या निळ्या प्लेटचं लिहून द्या," ती उठत म्हणाली. "शिक्क्यासकट."

शुक्रवारी सकाळी मुलं सोडायच्या वेळेला ती पाळणाघरात गेली. दारावरचा कागद तसाच होता. संचालिकाबाईंच्या खोलीत या वेळी तिला कुणी बसा म्हटलं नाही. ती स्वतःच बसली आणि म्हणाली, "गुंडीच्या आईलाही बोलवा. आत्ताच सोडून गेल्यात, फाटकातच असतील."

वकीलबाई आल्या. मावशीने शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला आणि तोंड उघडून दाखवलं. "बघा. मोजा दात." मग बाटल्यांचं सांगितलं, पाळणाघराची पिशवी, घरची पिशवी. "घरच्या बाटल्यांवर तुम्हीच लिहिलंत ना? मावशी म्हणून कुणाची बाटली होती?"

वकीलबाईंचा चेहरा आधी गोंधळलेला, मग लाल, मग पांढरा झाला. असा चेहरा मावशीने पोरांचाच पाहिला होता, चड्डी ओली झाल्यावरचा. वकीलबाईंनी पर्समधून फोन काढला आणि बहिणीला लावला.

"तू गुंडीच्या तोंडात स्वतःची थुंकी घालतेस? अक्कल कुठे गहाण टाकलीस? तिचे दात सडले तुझ्यामुळे, कळतंय का? आजपासून तिला हात लावायचा नाही!"

पलीकडून रडणं ऐकू आलं. लहान मुलासारखं, हुंदका देऊन. "मी काय केलं गं, ताई? मी काय केलं?"

मावशी उठली आणि तिने वकीलबाईंच्या हातातला फोन घेतला. घेतला म्हणजे सरळ काढून घेतला.

"टिंगू, मी पाळणाघरातली मावशी. रडू नको. चोखणी तोंडात घालत जाऊ नको एवढंच. बाकी तुझ्या ताईशी मी बोलते." फोन बंद करून तिने टेबलावर ठेवला. "झालं? माझ्यावरचा दोष उचलला आणि लगेच तिच्यावर टाकला? तो जंतू आठ पोरांत आहे. सात जणांचे दात शाबूत आहेत. गुंडीचे गेले ते दुधातल्या साखरेने. साखर घालायचं तुम्ही लिहून दिलंत. नको म्हणून मी तीनदा सांगितलं, तर या बाईंनी मला गप्प केलं. आणि रोज दुपारी बाटली तिच्या तोंडात दिली मी. मी, या हातांनी. मला दोष द्यायचाच होता ना, तर हा द्यायचा होता. हा मी घेतला असता. चाटलेल्या चमच्याचा कशाला दिलात?"

बाहेर कुणीतरी पोर रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. संचालिकाबाईंनी चष्मा पुसला.

"बरं झालं, उलगडा झाला," त्या म्हणाल्या. "ती दुधाची बाटली आजपासून बंद. तुम्ही सोमवारपासून या, मावशी. थोडा गैरसमज झाला होता, तो दूर झाला."

"झाला नाही," मावशी म्हणाली. "केलात. पाऊस होतो, सर्दी होते. गैरसमज आपोआप होत नाही, कुणीतरी करतं."

"बरं, केला. आता कशाला शब्दाचा कीस काढायचा?"

"एका शब्दापायीच मी घरी बसले ना? तेव्हा नव्हता काढायचा कीस? कुणाची मावशी, कुठली मावशी, एवढं तरी विचारायचं होतंत." तिने दाराकडे बोट दाखवलं. "पत्र अकरा घरांत गेलंय. आता दुसरं पत्र अकरा घरांत जाऊ दे. मग येते सोमवारी."

"पुन्हा पत्र?" संचालिकाबाई दचकल्या. "अहो, असं आपणच लिहून दिलं तर पाळणाघराची अब्रू काय राहील?"

"आणि माझी?"

संचालिकाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. या बाईलाही ती वस्तू असेल, असं त्यांच्या मनातच आलं नव्हतं, आणि ते आता त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

उत्तर दिलं ते वकीलबाईंनी. "मी लिहिते," त्या म्हणाल्या आणि त्यांनी टेबलावरचा कोरा कागद ओढला. आवाज मऊ नव्हता, खरखरीत होता. "अहवाल मी चुकीचा वाचला. बाटलीवर मी लिहिलं होतं. पत्रावर सही माझी असेल, आणि बाई, तुमची." त्यांनी भराभर दोन ओळी लिहिल्या, मग थांबल्या. "'पाळणाघरातील मावशी निर्दोष आहेत'... नाही. मावशी नको. त्यानेच तर घोळ झाला." त्यांनी स्वतःशीच मान हलवली. "घोळ केला. मावशी लिहून चालायचं नाही इथे. नाव लिहायला हवं."

पेन कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. दीड वर्ष रोज सकाळी ज्या हातांत त्या आपली मुलगी देत होत्या, त्या हातांच्या मालकिणीचं नाव त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी संचालिकाबाईंकडे पाहिलं. संचालिकाबाई कपाटातून हजेरीबुक काढायला उठल्या.

"बसा, बाई," मावशी म्हणाली. "मला येतं माझं नाव."

आणि तिने ते सांगितलं, स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं करून. वकीलबाईंनी ते मान खाली घालून लिहिलं. मावशीने टेबलावर वाकून वाचलं.

"दुसरी वेलांटी दीर्घ आहे," ती म्हणाली. "खोडू नका. नवा कागद घ्या."